खांद्याचे माप आणि मापातले पाप

खांदा दुखतो म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या माणसाच्या हातात हल्ली व्यायामाच्या चित्रांबरोबर आकड्यांचा एक कागदही पडतो. उजवा ६.३ किलो, डावा ४.१ किलो, फरक ३५ टक्के. शेजारी लाल रंगाची पट्टी. तो कागद घरी येतो, फ्रिजवर लागतो, भारतातल्या डॉक्टर भाच्याला फोनवर वाचून दाखवला जातो. 'पस्तीस टक्के' हे शब्द घरात इतक्या वेळा उच्चारले जातात की मूळ दुखणे बाजूला राहते आणि टक्केवारीच दुखू लागते!

हे आकडे येतात ते हातात मावणाऱ्या एका यंत्रातून. त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे. तपासणारा ते आपल्या हातावर टेकवून धरतो, आपण त्याविरुद्ध जोर लावायचा आणि पडद्यावर किलो किंवा न्यूटनमध्ये आकडा येतो. पूर्वी इस्पितळांपुरती असलेली ही यंत्रे आता खाजगी क्लिनिकांत, क्रिकेट क्लबांत आणि जिममध्येही दिसतात.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण एखादी गोष्ट मोजली म्हणजे नेमके काय मोजले आणि तो आकडा उद्याही तोच येईल का, हे विचारणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे यंत्र वाईट नाही. परंतु त्याच्या एका आकड्यावर शस्त्रक्रिया, फिजिओथेरपीचे पॅकेज किंवा विम्याचा दावा यांतला कुठलाही निर्णय घेऊ नये. घेऊ देऊही नये.

आता याची कारणे पाहू.

स्नायूंची ताकद मोजण्याची धडपड जुनी आहे. अमेरिकेत पोलिओच्या साथीनंतर रॉबर्ट लव्हेट आणि ई. जी. मार्टिन यांनी १९१६ साली ताणकाट्याने मुलांच्या स्नायूंची ताकद मोजण्याची पद्धत मांडली. इथे ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या मज्जातंतूंची तपासणी करण्यासाठी मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ साली एक पुस्तिका काढली. तिच्यातली ० ते ५ ही श्रेणी आजही जगभर चालते. ० म्हणजे स्नायूची हालचालच नाही, ३ म्हणजे स्वतःचे वजन उचलता येते, ५ म्हणजे पूर्ण ताकद. यात गोची आहे ती ४ ची. 'थोडा विरोध सहन होतो' इथपासून 'जवळजवळ ठीक' इथपर्यंत सगळे ४ मध्येच बसते. आपल्या शाळेतल्या 'बरा' या शेऱ्यासारखे! पास सगळे, पण कोण किती बरा ते कळत नाही. म्हणून आकड्याची गरज भासली, आणि ती गरज खरी होती.

खांद्याच्या बाबतीत ती गरज भागवण्याचा मोठा प्रयत्न याच देशातला. केंब्रिजमधल्या कामावर आधारलेली एक गुणपद्धती क्रिस्टोफर कॉन्स्टंट आणि अ‍ॅलन मर्ली यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. एकूण गुण १००. वेदनेला १५, रोजच्या कामांना २०, हालचालीला ४० आणि ताकदीला २५. ताकदीचा हिशेब सोपा: हात बाजूने ९० अंशांपर्यंत उचलून ताणकाट्याविरुद्ध जितके पौंड तोलता येतील तितके गुण, जास्तीत जास्त २५. युरोपात खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर 'किती बरे वाटले' हे ठरवायला ही पद्धत वर्षानुवर्षे वापरली गेली.

पण मेख कुठे होती पाहा. काटा हाताला नेमका कुठे बांधायचा, हात बाजूला ठेवायचा की किंचित पुढे, एकदा मोजायचे की तीनदा, हे पुरेसे स्पष्ट नव्हते. कुणी मनगटाला बांधी, कुणी दंडाला. शेवटी २००८ साली कॉन्स्टंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोजण्याची रीत स्पष्ट करणारा सुधारित लेख लिहावा लागला. म्हणजे मधली एकवीस वर्षे वेगवेगळ्या इस्पितळांतले आकडे एकाच नावाने, पण वेगवेगळ्या मापाने छापले जात होते.

काटा कुठे बांधला याने एवढे काय बिघडते? शाळेत तरफ शिकलो ती आठवा. समजा एखाद्या बाईंचा खांदा ३० न्यूटन-मीटरचा टॉर्क लावू शकतो. खांद्यापासून मनगट ५५ सेंटिमीटर. यंत्र मनगटावर टेकवले तर ते साधारण ५.६ किलो दाखवील. तेच यंत्र अर्ध्या अंतरावर, म्हणजे कोपराच्या जरा वर टेकवले की आकडा होतो ११.१ किलो. बाई त्याच, खांदा तोच, दुखणेही तेच. ताकद मात्र दुप्पट! शिवाय माणसाच्या एका हाताचे वजन शरीराच्या सुमारे ५ टक्के असते. साठ किलोच्या माणसाचा हात तीन किलोचा. तो हात बाजूला आडवा धरून ठेवतानाच खांदा राबत असतो, पण यंत्राला ते काम दिसत नाही. तेच निजून मोजले की गुरुत्वाकर्षणाचा हिशेब बदलतो. तेव्हा बसून घेतलेला आकडा आणि निजून घेतलेला आकडा हे दोन वेगळे आकडे होत. त्यांची तुलना करणे म्हणजे रुपये आणि पौंड एकाच रकान्यात लिहून बेरीज मारणे.

दुसरी अडचण आहे यंत्र धरणाऱ्या माणसाची. हे यंत्र भिंतीला बसवलेले नसते, ते कुणीतरी हातात धरलेले असते. आपण जोर लावताना धरणाऱ्याचा हात मागे सरकला, तर यंत्र आपली नव्हे, त्याची ताकद मोजते. विकहोम आणि बोहॅनन या संशोधकांनी १९९१ साली हीच गोष्ट तपासली. कमी-अधिक ताकदीच्या परीक्षकांनी तीच माणसे तपासली. खांदा बाहेर वळवणाऱ्या स्नायूंचे आकडे परीक्षकांमध्ये चांगले जुळले, कारण तिथे लागणारा जोर कुणालाही थोपवता येतो. गुडघा सरळ करणाऱ्या बलदंड स्नायूंबाबत मात्र आकड्यांचा मेळ बसेना. यातून आपल्यासाठी निष्कर्ष असा की दुखऱ्या, अशक्त खांद्याला हे यंत्र बरे चालते. पण क्रिकेट खेळणाऱ्या दणकट तरुणाचा खांदा एखाद्या सडपातळ परीक्षकाने हाताने धरून मोजला, तर आकड्यावर जपूनच विश्वास ठेवावा. तिथे यंत्र पट्ट्याने किंवा चौकटीत घट्ट बसवणे योग्य.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचना. 'मी धरून ठेवतो, तुम्ही ढकला' ही एक चाचणी. 'तुम्ही हात धरून ठेवा, मी खाली पाडतो' ही दुसरी. दुसरीत आकडा सहसा जास्त येतो. शेजारी कुणी 'अजून, अजून, शाब्बास!' असे ओरडले तर त्याचाही परिणाम होतो. आणि वेदना? दुखेल या भीतीने माणूस जोर हातचा राखून लावतो. तेव्हा यंत्र मोजते ती स्नायूची ताकद नसते, ते धैर्याचे माप असते. डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी हव्या असतात, पण त्या वेगळ्या आहेत हे कागदावर कुठेच छापलेले नसते.

पडद्यावर दशांश चिन्हानंतर एक-दोन आकडे दिसतात, त्यांनीही भुलू नये. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत आम्हांला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: बारीक वाचता येणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे. मुंबईहून परतताना बॅग तोलणारा हातकाटा आपण सगळ्यांनीच वापरला आहे. एकदा २३.४, पुन्हा उचलली तर २२.८. बॅगेतल्या चकल्या कुणी खाल्लेल्या नसतात. हात हलला, एवढेच. खांद्याच्या यंत्राचा मूळ स्वभाव याहून फार निराळा नाही. फरक असा की बॅग दमत नाही आणि बॅगेला दुखत नाही!

'पण या यंत्रांवर संशोधन झाले आहे, विश्वासार्हता ०.९० च्या वर आहे' असे जाहिरातीत लिहिलेले असते. ते खोटेही नसते. पण हा आकडा काय सांगतो हे समजून घ्यायला हवे, आणि ते समजावण्याचे श्रेय दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये एक लेख लिहिला. श्वासाचा वेग मोजणारी दोन यंत्रे, एक मोठे आणि एक छोटे, त्यांनी सतरा माणसांवर वापरली. ही माणसे कोण, तर ब्लँड यांचे सहकारी आणि घरची मंडळी! दोन्ही यंत्रांच्या आकड्यांचा सहसंबंध निघाला ०.९४. कुणीही म्हणेल, वा, झकास! पण एकेका माणसाचे दोन आकडे शेजारी ठेवले तेव्हा दिसले की एका यंत्राचा आकडा दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे ८० लिटरने कमी किंवा जवळजवळ तितकाच जास्त असू शकतो. एकावर ४०० आले तर दुसऱ्यावर ३२० ते ४७५ यांच्या दरम्यान काहीही. दम्याच्या रोग्यासाठी हा फरक काही किरकोळ नव्हे.

याचे कारण साधे आहे. शंभर माणसांत पहिलवान कोण आणि अशक्त कोण, एवढे क्रमाने लावता आले की सहसंबंध चांगला येतो. पण आपला प्रश्न तो नसतो. आपला प्रश्न असतो: माझा खांदा गेल्या महिन्यापेक्षा सुधारला का? त्यासाठी विचारायचा आकडा वेगळा. मोजण्यातच होणारी सर्वसाधारण चूक किती, आणि तिच्यापलीकडे किती फरक पडला म्हणजे तो खरा मानायचा? हिशेब असा: मोजण्यातली प्रमाण चूक गुणिले १.९६ गुणिले २ चे वर्गमूळ. समजा ती चूक ०.८ किलो आहे. मग सुमारे २.२ किलोपेक्षा कमी फरक हा सुधारणेचाही पुरावा नाही आणि बिघाडाचाही नाही. तो नुसता गोंगाट असू शकतो.

आमच्याच घरातले उदाहरण देतो. माझ्या पत्नीचा खांदा बॅडमिंटन खेळताना दुखावला. एका खाजगी क्लिनिकमध्ये पहिल्या दिवशी आकडा आला ६.२ किलो. पंधरा दिवसांनी आला ४.९. 'ताकद २१ टक्के घटली आहे, आणखी सहा सत्रे घ्यावी लागतील' असे सांगण्यात आले. सहा सत्रांचे ३०० पौंड. तिला स्वतःला तर बरे वाटत होते, वरच्या फडताळातला कुकर ती आता सहज काढत होती. तिने विचारले, 'पहिल्या वेळी मी खुर्चीत बसले होते, आज उभी आहे. मोजणाऱ्या बाईही वेगळ्या होत्या. पहिल्यासारखेच एकदा मोजाल का?' पहिल्याच बाईंनी, खुर्चीत बसवून, तीनदा मोजले. सरासरी ६.४. सहा सत्रे आपोआप रद्द झाली. कुणी फसवत होते असे मी म्हणत नाही. बहुधा कुणाच्या मनात पाप नव्हते, पण मापात मात्र होते.

यात पैशाचाही प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये खांद्यावर मोठ्या चाचण्या झाल्या, आणि त्यांचे निकाल प्रत्येक घरात माहीत असावेत असे मला वाटते. २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ३१३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. खांद्यातले हाड घासून जागा मोकळी करण्याची लोकप्रिय शस्त्रक्रिया आणि नुसती दुर्बीण घालून केलेली खोटी शस्त्रक्रिया यांत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. २०२० साली गोठलेल्या खांद्याच्या ५०३ रुग्णांवर तीन उपचारांची तुलना झाली. वर्षाअखेर कुठलाच उपचार इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. २०२१ साली रोटेटर कफच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांची चाचणी झाली. सहापर्यंत सत्रे घेऊन वाढत्या व्यायामाचा कार्यक्रम केलेले लोक आणि फिजिओथेरपिस्टबरोबर एकाच सत्रात नीट सल्ला घेऊन घरी व्यायाम केलेले लोक, वर्षाअखेर सारखेच निघाले.

या चाचण्यांत यश कशाने मोजले? मुख्य माप किलोचे नव्हतेच. पहिल्या दोहोंत ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली, १९९६ साली प्रसिद्ध झालेली बारा प्रश्नांची एक यादी वापरली. कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का, रात्री खांदा झोपू देतो का, असे घरगुती प्रश्न. तिसरीतही वेदना आणि रोजची कामे यांचीच प्रश्नावली होती. गोठलेल्या खांद्याचा माणूस तर ताकदीच्या कसोटीत नाहक नापास होतो. कॉन्स्टंटच्या पद्धतीत हात ९० अंशांपर्यंत पोचला नाही तर ताकदीला सरळ शून्य. स्नायू शाबूत, पण सांधा आखडलेला, तरी शून्य. आणि गोठलेला खांदा मधुमेह्यांत अधिक आढळतो, तर या देशातल्या दक्षिण आशियाई लोकांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण दोन ते चार पट आहे. तेव्हा खांदा आखडत असेल तर ताकदीच्या यंत्राआधी रक्तातली साखर मोजून घ्यावी, असे मला वाटते.

फिजिओथेरपिस्ट मित्र यावर म्हणतात, 'अरे, आकडा दिसला की पेशंट व्यायाम करतो. आणि नुसत्या अंदाजापेक्षा यंत्र बरेच की!' दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. एकाच माणसाने, एकाच स्थितीत, काही आठवडे घेतलेले आकडे चढत गेले तर तो कल बोलका असतो. दुखऱ्या बाजूची चांगल्या बाजूशी तुलनाही उपयोगी, मात्र जो हात आपण रोज अधिक वापरतो तो मुळातच थोडा बलवान असू शकतो हे लक्षात ठेवून. माझा आक्षेप आहे तो एकट्यादुकट्या आकड्याला निकालपत्र मानण्याला.

तेव्हा असा कागद हातात आला तर पुढचे प्रश्न जरूर विचारावेत. यात संकोच कसला?

१. यंत्र हातावर कुठे टेकवले, आणि मी बसलो होतो, उभा होतो की निजलो होतो, हे लिहून ठेवले आहे का?

२. किती वेळा मोजले? एकदाच असेल तर आणखी दोनदा मोजून सरासरी घ्याल का?

३. पुढच्या वेळी हीच व्यक्ती, याच रीतीने मोजणार आहे का?

४. किती किलोचा फरक पडला तर तुम्ही तो खरा मानता?

५. मोजताना मला दुखत होते, याची नोंद केली आहे का?

६. हा आकडा काहीही आला असता तरी तुमचा सल्ला हाच राहिला असता का?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उत्तर 'हो' असेल तर आकड्याची चिंता सोडा. 'नाही' असेल तर पैसे भरण्याआधी दुसरे मत घ्या. ब्रिटनमध्ये अनेक भागांत एन.एच.एस.च्या फिजिओथेरपीसाठी जी.पी.कडे न जाता स्वतःच नाव नोंदवता येते. शिवाय 'फिजिओथेरपिस्ट' ही पदवी या देशात कायद्याने संरक्षित आहे. ती लावणाऱ्याचे नाव हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत असायला हवे, आणि ते कुणालाही तपासता येते. जिममधल्या ट्रेनरच्या हाती यंत्र आले म्हणून तो फिजिओथेरपिस्ट होत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक उचलताच येईना, तर आकड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. खांद्याबरोबर छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल तर लगेच ९९९. आणि शस्त्रक्रिया झालेल्या खांद्याची ताकद घरी बॅगेच्या काट्याने आजमावण्याचा उद्योग सर्जनला विचारल्याशिवाय करू नये!

मंडळाच्या कार्यकारिणीला एक सूचना आहे. पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेच्या टेबलाशेजारी असे एक यंत्र ठेवावे. आपल्यातल्या तीन फिजिओथेरपिस्टनी एकाच स्वयंसेवकाचा खांदा पाळीपाळीने मोजावा, एकमेकांचा आकडा न पाहता. तिन्ही आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि पुढे काहीही भाष्य करू नये. फळा वाचून झाला की ज्यांच्या घरी तसला कागद फ्रिजवर लावलेला आहे, ते पुढचे प्रश्न आपणहून विचारतील.